ऑफिसच्या पडद्यावर घरगुती नाही

सरांच्या घरात मे महिन्यात टेबलफॅन फोनला लागायचा, बायकोला नाही.

हे आधीच सांगून टाकते. कारण सर गेल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो उठतो तो लिहितोय, काळाच्या पुढचा माणूस गेला. जोडलेले हात, फुलं, मेणबत्त्या, काय विचारू नका. सेक्रेटरी परवा जिन्यात भेटले. म्हणाले, "काकू, तुम्ही त्यांच्या समोरच्या दारातल्या. शोकसभेत चार शब्द तुम्ही बोला." मी म्हटलं, "चार शब्दांत माझं भागत नाही. आणि भागवलं तर ते तुम्हाला आवडायचे नाहीत." ते हसले. त्यांना वाटलं काकू मस्करी करतात.

मी मस्करी करत नव्हते. घरी आले, डाळ शिजत लावली आणि लिहायला बसले. सरांचं नाव मात्र लिहीत नाही. गेलेल्याचं नाव घेऊन वाईट बोलू नये म्हणतात. नाव न घेता बोललं तर चालत असावं.

आमची बिल्डिंग नाहूरला, स्टेशनपासून जवळ, लिफ्ट नसलेली. माझं दार आणि सरांचं दार समोरासमोर. सरांनी जन्मभर घाटकोपरला टायपिंगचा क्लास चालवला. मराठी, इंग्रजी, दोन्ही. एके काळी त्या क्लासबाहेर पोरी बॅचसाठी थांबलेल्या असायच्या. सर मशीनच्या कळांवर कागद चिकटवायचे, म्हणजे खाली बघितलं तरी अक्षर दिसायला नको. "बघून टाइप करतो तो टायपिस्ट नव्हे, हमाल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं बँकांत लागली, कोर्टात लागली, मोठमोठ्या ऑफिसांत साहेबांच्या बाहेर बसली. हे खोटं नाही, आणि मी ते लपवणार नाही.

मग कम्प्युटर आले. मुलं मशीन सोडून कम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. त्याच दिवसांत सरांची एकुलती एक लेक, स्वाती, कॉलेजात कम्प्युटरच शिकत होती. ती पोर अर्धी माझ्या घरात वाढलेली. शाळेतून आली की आधी माझ्याकडे, "मावशी, आज काय केलंस?" ती एकदा वडलांना म्हणाली, "बाबा, मशीनं काढून टाका. चार कम्प्युटर घ्या. मी येऊन शिकवते." सर म्हणाले, "ज्या दिवशी माझ्याकडे कम्प्युटर येईल त्या दिवशी माझ्या नावाने आंघोळ कर."

पोरगी त्यांचीच. ती काय ऐकते! नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिने घरी कम्प्युटर आणला. मोठं खोकं, वर हार घातलेला. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्याच्यापुढे नारळ ठेवला. सरांनी खोकं उघडलं नाही. उघडू दिलं नाही. गॅलरीत ढकललं. स्वाती रडत म्हणाली, "तुमच्या त्या मशीनना उद्या भंगारवाला पण विचारणार नाही, बाबा." ते लागलं त्यांना. खरं होतं म्हणून जास्त लागलं. त्या दिवसापासून बापाने लेकीशी बोलणं टाकलं. पुढे तिने तिच्याच ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं, बोरिवलीला राहायला गेली. सर लग्नाला गेले नाहीत आणि वहिनींना म्हणाले, "तू गेलीस तर तिथेच राहा." वहिनी गेल्या नाहीत. त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन दिवसभर पोळ्या लाटत बसल्या होत्या. माझा डब्यांचा धंदा होता तेव्हा. मी म्हटलं, "वहिनी, पुरे झाल्या गो." तरी लाटतायत.

ते खोकं गॅलरीतच राहिलं. वहिनी त्याच्यावर बसून भाजी निवडायच्या. पावसाचं पाणी लागून पुठ्ठा फुगला, शेवटी एका दिवाळीच्या साफसफाईत ते खोकं भंगारात गेलं. आत कम्प्युटर तसाच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नवाकोरा.

आता बघा गंमत. क्लास बंद पडला, मशीनं गेली, सर घरी बसले. हाताला काम नाही. जुनी ओळखीची माणसं यायची, "सर, एक अर्ज टाइप करून द्या ना." कशावर देणार? कम्प्युटर घ्यावा तर शब्द दिलेला. आणि सरांचा शब्द म्हणजे काय, दगडावर कोरलेला. मग कुठल्याशा फोनच्या दुकानात त्यांनी बघितलं, की काही काही फोन वायरने टीव्हीला जोडले की टीव्हीवर सगळं कम्प्युटरसारखं उघडतं. खिडक्या, खाली चित्रांची रांग, लिहायला पांढरं पान. फोनला कीबोर्ड जोडायचा, माउस जोडायचा, झालं. सर तो फोन घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितलाय. लग्न ठरलेल्या मुलासारखा.

कुणी विचारलं, "सर, अखेर कम्प्युटर घेतलात?" की सर कडाडायचे, "हा कम्प्युटर नाही. हा फोन आहे." मग समजावून सांगायचे, "कम्प्युटर म्हणजे काय हो? पडदा, कीबोर्ड आणि डोकं. पडदा भिंतीवर आहेच. डोकं माझ्या खिशात आहे. लोक उगाच टेबलाखाली तो पत्र्याचा डबा ठेवतात." लोक खूष. काय हुशारी, काय काटकसर! एवढ्या वयात बघा कसं शिकले! आणि शिकले होते ते, खरंच. पण का शिकले, ते आमच्या मजल्याला माहीत होतं. पोरीचा कम्प्युटर न घेता कम्प्युटर वापरायची ही पळवाट होती. एवढी अक्कल त्यांनी लेकीला एक फोन करण्यात खर्च केली असती तर!

सकाळी दहा वाजले की सर इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने चापून, आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचे. ते ऑफिसला येणं. टीव्हीच्या मागे ती जाड लांब वायर कायमची खोचलेली, तिचं दुसरं टोक फोनला लावायचे. टीव्हीवर खिडक्या उघडल्या की ऑफिस सुरू. ते पाचपर्यंत. तोवर टीव्ही वहिनींचा नाही.

फोन एवढं काम करून तापायचा. मग सरांनी युक्ती काढली. पातेल्याचं स्टीलचं झाकण उपडं घालायचं, त्यावर फोन ठेवायचा आणि टेबलफॅन त्याच्यावर सोडायचा. घरात टेबलफॅन एकच. मे महिन्यात वहिनी स्वयंपाकघरात घामाने निथळतायत, पदराने वारा घेतायत, आणि बाहेर फोनमहाराज झाकणावर वारा खात पडलेत. झाकण पण वहिनींचंच. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, जरा पंखा आत फिरवा की." ते म्हणाले, "बाई, माणसाला घाम येतो, तो गार होतो. ह्याला घाम येत नाही." लोकांना हे वाक्य पण फार आवडलं. ग्रुपवर कुणीतरी परवा टाकलंय ते.

फोन जोडलेला असताना सर फोनवर बोलत नसत. कुणाचाही कॉल आला तरी घ्यायचा नाही. "मशीनमधून कुणी बोलतं का?" दहा ते पाच त्यांच्याशी काम असलं तर येऊन दार वाजवायचं. त्यांचा सख्खा भाऊ हॉस्पिटलात होता तेव्हासुद्धा त्याचं नाव टीव्हीवर एवढं मोठं चमकत होतं आणि सर कुणाचा तरी भाडेकरार टाइप करत होते. संध्याकाळी पाचनंतर भावाला फोन लावला. भाऊ बरा झाला, म्हणून विषय मिटला.

मी एकदा म्हटलं, मला पण शिकवा ना मराठी टायपिंग. मला लिहायची हौस. शाळा सातवीपर्यंत, पण पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही कधी. सर माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचे हात पोळ्यांचे. कीबोर्डला पीठ लागेल." बरं. मी डबा द्यायच्या निमित्ताने जायची, दारात उभी राहायची आणि बघायची. कुठली वायर कुठे जाते, कुठली कळ दाबली की काय होतं. सर पडद्याकडे तोंड करून बसलेले, त्यांना काय कळतंय. आज हे मी फोनवर लिहितेय ते तसं बघून बघून आलेलं. शिकवणीचे उपकार माझ्यावर नाहीत.

वहिनींबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि सगळं तिथेच अडलेलं आहे. वहिनींना ऐकू येत नव्हतं. आधी थोडं, मग जास्त, मग जवळजवळ काहीच नाही. कानातलं यंत्र आणलं होतं. "कानात शिट्ट्या मारतं गं मेलं," म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. पण ओठ वाचायच्या. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं. समोर उभं राहून नीट बोललं की त्यांना सगळं कळायचं, आवाज नसला तरी. आमच्या दोघींच्या गप्पा दाराच्या ह्या बाजूने त्या बाजूला बिनआवाजाच्या चालायच्या. खालच्या मजल्यावरच्यांची उणीदुणी अशी बिनधास्त काढायचो, काय सांगू!

सर मात्र त्यांच्याशी पाठ करून बोलायचे. पडद्याकडे तोंड, पाठ स्वयंपाकघराकडे, आणि तसंच, "चहा ठेव." "तो पेपर कुठेय?" "कितीदा सांगायचं?" वहिनींना कळणार कसं? मग ओरडणार. ओरडतानाही मान वळवायची नाही. मी एकदा बघते तर वहिनी चहा घेऊन मुद्दाम टीव्हीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे नवऱ्याचं तोंड दिसेल. सर म्हणाले, "पडद्याआड येऊ नकोस." ते वाचलं त्यांनी, आणि बाजूला झाल्या.

एक दिवस सेक्रेटरी सोसायटीचा पाण्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन सरांकडे बसले होते. मी डबा द्यायला गेलेली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत होत्या. सर सेक्रेटरींना मजकूर सुचवत होते आणि सुचवता सुचवता टाइप करत होते. एवढ्यात टीव्हीवर वरच्या बाजूला पट्टी आली. अख्ख्या खोलीला दिसेल एवढी. "आई, मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. स्वाती."

माझा नंबर होता तिच्याकडे, मला कळवता आलं असतं. पण तिने बापाच्या फोनवर पाठवलं. मुद्दाम. तेही वाचतील म्हणून.

सरांनी वाचलं. सेक्रेटरींनी वाचलं, आणि ते आढ्याकडे बघायला लागले. सरांनी माउस हलवला, पट्टीवरच्या फुलीवर नेला आणि दाबला. पट्टी गेली. "हं. सबब, आपणांस विनंती करण्यात येते की," त्यांनी पुढे सुरू केलं.

वहिनींच्या मांडीतला लसूण जमिनीवर सांडला होता. त्या उठल्या, माझा हात धरून मला माझ्या घरात घेऊन आल्या, डब्यातली साखर काढून माझ्या तोंडात घातली. "नात झाली गं मला," म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या फार मोठ्याने म्हणाल्या. समोरच्या घरात नक्की ऐकू गेलं असणार. तिकडून फक्त टायपिंगचा आवाज.

त्यानंतर दुपारी वहिनी माझ्याकडे यायच्या आणि मी माझ्या फोनवरून स्वातीला व्हिडिओ कॉल लावायची. माझा फोन म्हणजे मुलाने नवा घेतल्यावर मला दिलेला त्याचा जुना. वहिनी फोन नाकाला लावून बघायच्या. बाळ दिसायचं, स्वाती दिसायची, पण वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. स्वातीचे ओठ त्यांना वाचता यायचे नाहीत. "एवढुसं तोंड, त्यात ओठ म्हणजे मुंगी," म्हणायच्या. मग स्वाती बोलणार, मी ऐकणार, मी वहिनींकडे तोंड करून परत बोलणार, वहिनी उत्तर देणार. आईलेकीच्या मधे मी. लेकीने "आई, तुझी फार आठवण येते गं" म्हणायचं आणि ते आईला माझ्या तोंडून ऐकायचं, ह्यात काय राहतं? मला लाज वाटायची. जसं काही मी कुणाचं ताट ओढून घेतेय.

एकदा वहिनी सरांना म्हणाल्या. माझ्यासमोर म्हणाल्या, बहुतेक माझा आधार वाटला. "अहो, तुमच्या त्या पडद्यावर एकदा पोरीला लावा ना. मोठी दिसेल. मला तिचं बोलणं माझं मला कळेल. तुम्ही नका बोलू तिच्याशी. आत जाऊन बसा हवं तर."

सर पाठ करूनच म्हणाले, "ऑफिसच्या पडद्यावर घरगुती नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला ते वाक्य त्यांना सांगावं लागलं. माझ्या तोंडून.

मी म्हटलं, "सर, पाचनंतर लावा. ऑफिस सुटल्यावर."

"बाई, तुम्ही डबे करा."

माझा टीव्ही जुना, पोटाळ, खोक्यासारखा. त्याला ती वायर बसायला भोकच नाही. मुलाला सांगून नवा आणावा म्हटलं तर तो पुण्याला, त्याचं "बघू आई" चाललेलं. वहिनी परत विचारायला गेल्या नाहीत. फक्त एकदा मला म्हणाल्या, "स्वातीचं बोलणं कसं आहे गं आता? लहानपणी 'र' म्हणताना तोंड वाकडं करायची." मी म्हटलं, "अजून करते." त्या म्हणाल्या, "मला बघायचंय."

सर बाहेर क्वचित पडायचे. पडले की फोन खिशात. मग टीव्हीमागची वायर नुसती लोंबकळत राहायची. वहिनी म्हणायच्या, "कम्प्युटर फिरायला गेला." एका सकाळी सर त्या पाण्याच्या अर्जाचं विचारायला महापालिकेच्या ऑफिसात गेले. ते गेले की जेवायच्या वेळेपर्यंत येत नसत, चार टेबलं फिरून प्रत्येकाला कायदा सांगून यायचे. मी दारातून बघितलं. टीव्ही मोकळा. वायर मोकळी. वहिनींना मी बिनआवाजाचं विचारलं, "लावू?" त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं, मग मान हलवली.

माझ्या फोनला ती वायर बसेल की नाही देव जाणे. बसली. टीव्ही क्षणभर काळा झाला, आणि मग माझ्या फोनवरचा गणपती अख्ख्या टीव्हीभर आला. वहिनींनी हात जोडले. मी स्वातीला कॉल लावला. ती घरूनच काम करायची, बाळ झोपलेलं. "मावशी, आज सकाळीच?" तिचा आवाज टीव्हीतून असा आला की मीच दचकले. मी फोन वहिनींच्या समोर धरून उभी राहिले, म्हणजे तिला आई दिसेल. "पोरी, आता तू टीव्हीवर आहेस. आईशी बोल. माझ्याशी नको. सावकाश बोल."

स्वातीने आईला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "आई, केस किती पांढरे झाले गं तुझे."

आणि वहिनींनी उत्तर दिलं! मी मधे नाही, काही नाही. "तुझेही होतील. तेल लावत नाहीस."

"लावते गं."

"खोटं बोलू नकोस. मला दिसतंय सगळं."

दोघी हसायला लागल्या. वहिनी टीव्हीच्या एवढ्या जवळ जाऊन उभ्या की नाक लागेल. स्वातीच्या ओठांवर बोट फिरवतायत. काय बोलल्या विचाराल तर काही नाही. बाळ दूध ओकतं. बाळाला ओव्याचा शेक दे. बोंबील बोरिवलीला ताजे मिळत नाहीत, तू वर्सोव्याहून का आणत नाहीस, अगं आई एवढ्या लांब कोण जाणार. असलं. वहिनींचा चेहरा मी बघत होते. कितीतरी वर्षांनी त्या बाईला कुणाच्या मदतीशिवाय कुणीतरी कळत होतं.

मग स्वाती म्हणाली, "आई, बाबा कसे आहेत? मावशी सांगते मला त्यांचं, फोनवर सगळं ऑफिस चालवतात ते. मी ना..."

सर दारात उभे होते. महापालिकेतला साहेब रजेवर होता, म्हणून ते लवकर आले. त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ टीव्हीपाशी गेले आणि मागून वायर ओढून काढली.

टीव्ही काळा. वहिनींचं बोट अजून काचेवर.

पण कॉल तुटला नव्हता. कॉल माझ्या हातातल्या फोनवर होता. टीव्हीतून जाणारा आवाज आता फोनमधून यायला लागला, बारीक, पण त्या खोलीत स्पष्ट. स्वातीला काय माहीत इकडे काय झालंय. ती आपली बोलतेय. "मी ना आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगते बाबांचं. आमचे इंजिनियर लोक पण असं करत नाहीत, माझे बाबा ह्या वयात करतात. त्यांना सांग, फोन फार तापवू नका म्हणावं, बॅटरी फुगते. आणि आई, त्यांना सांग ना, मी त्या दिवशी मशीनचं जे बोलले ते चुकलं माझं. आता मला कळतं गं, त्यांचं सगळंच गेलं होतं. सांगशील?"

वायर सरांच्या हातात तशीच. ते हलले नाहीत. त्यांना ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला. जिला ऐकायचं होतं तिला दिसत नव्हतं, आणि ज्याने वायर काढली त्यालाच ते सगळं ऐकावं लागलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. नवऱ्याकडे बघितलं. "काय म्हणत होती ती? तुम्ही ऐकलंत ना? काय म्हणाली?"

तेव्हा सर वळले. बायकोच्या अगदी समोर उभे राहिले. तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलले, तिला वाचता येईल असं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा बघितलं. म्हणजे येत होतं त्यांना. माहीत होतं, कसं बोलायचं ते.

म्हणाले, "काही नाही. रेंज गेली."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी दोघांच्या मधे गेले आणि वहिनींच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, "रेंज नाही गेली. ती म्हणाली, तिला बाबांचा अभिमान आहे. ती म्हणाली, तिचं चुकलं. ती माफी मागत होती ह्यांची. आणि ह्यांनी ती ऐकली."

सर म्हणाले, "बाई, आपला फोन घ्या आणि निघा. माझी ऑफिसची वेळ आहे." मी स्वातीला "मग लावते" म्हणून कॉल बंद केला. सरांनी खिशातून आपला फोन काढला. वायर परत टीव्हीला लावली, दुसरं टोक माझ्या फोनमधून काढून आपल्या फोनला लावलं. झाकण पुढे ओढलं, फोन त्यावर ठेवला, पंखा सुरू केला. खुर्चीवर बसले. पडद्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं पान उघडलं.

वहिनी थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी, त्यात दोन साड्या, डोळ्यांत घालायचं औषध, ओव्याची पुडी. मला म्हणाल्या, "बोरिवलीची बस मला दाखव. मुलुंडहून सुटते ना?"

मी म्हटलं, "वहिनी, त्यांनी लग्नाच्या वेळी काय सांगितलंय, गेलीस तर..."

"मला कुठे ऐकू येतं?" त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो. दार उघडंच राहिलं. सर कीबोर्ड जुन्या मशीनसारखा बडवायचे, दार उघडं असलं की टकटक खालपर्यंत यायची. खालच्या मजल्यावरच्या वळणावर वहिनी थांबल्या. कठड्याला धरलं. मला वाटलं दम लागला. त्यांनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "ऐक गं जरा. टायपिंग चालू आहे का त्यांचं?"

मी ऐकलं. देवाशपथ, मी वाट बघितली. एकदा तरी अडखळेल, एकदा तरी थांबेल.

"चालू आहे," मी म्हटलं.

"थांबले नाहीत?"

"नाही."

वहिनींनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "चल मग," म्हणाल्या, आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागल्या.